सोयाबीन वड्यांचा झणझणीत रस्सा आणि खिमा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझा भाचा शिकायला पुण्यात आला आणि कर्वेनगरला तीन मित्रांबरोबर राहू लागला. श्रावण लागला तशी त्यांची अंडी-चिकन बंद झाली. एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला, "मावशी, रस्सा भारी झालाय गं, पण वडी खाल्ली की नुसतं पाणी लागतं. आणि एक कसला तरी उग्र वास येतोय." काय केलं होतंस म्हणून विचारलं, तर कोरड्या वड्या पाकिटातून थेट कुकरमध्ये टाकून मटणासारख्या चार शिट्ट्या काढल्या होत्या.

नव्याने करणारे जवळजवळ सगळे इथेच चुकतात, म्हणून सुरुवात इथूनच करते. मटण शिजताना त्यातली चरबी, हाडांचा अर्क, रस, सगळं रश्श्यात उतरतं. मटण रश्श्याला चव देतं. सोयाच्या वडीकडे द्यायला काही नसतं. ती रश्श्याकडून चव घेते. म्हणून मटणाची कृती घेऊन नुसतं मटणाच्या जागी वडी टाकली तर पदार्थ फसतो. रस्सा आधी पुरता तयार हवा, वडी त्याआधी रिकामी हवी आणि तिच्या पोटात मीठ-तिखट आपण होऊन घालायला हवं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

वडी म्हणजे नेमकं काय

सोयाबीनमधलं तेल काढून घेतल्यावर जे उरतं, त्याच्या पिठात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. हे पीठ पाण्यात कालवून एका यंत्रातून उष्णता आणि दाब देत पुढे ढकलतात. आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसंच, फक्त दाब प्रचंड. त्या दाबात प्रथिनांचे धागे एका दिशेने ओढले जातात. भोकातून बाहेर पडताच दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि वडी लाहीसारखी फुलते. मग ती वाळवतात. टेक्स्चर्ड व्हेजिटेबल प्रोटीन किंवा टीव्हीपी म्हणतात ते हेच. हे नाव १९६०च्या दशकात आर्चर डॅनियल्स मिडलँड या अमेरिकन कंपनीने आणलं. आपल्याकडे कुठल्याही कंपनीची वडी असली तरी बरेच जण तिला सरसकट न्यूट्रेलाच म्हणतात.

यातून स्वयंपाकाच्या दोन गोष्टी कळतात. वडी कारखान्यातच शिजलेली असते, म्हणून कुकर नको. आणि ती आतून सगळी जाळी असते. त्या जाळीत जे भराल ते दाताखाली येईल.

सोयाबीन आपल्या मातीला आता परकं राहिलेलं नाही. मराठवाडा-विदर्भात खरिपात मैलोन्मैल तेच दिसतं आणि लातूरची बाजारपेठ त्यावर चालते. पुण्यातही आघारकर संशोधन संस्था सोयाबीनचे वाण तयार करते. त्यांच्या वाणांच्या नावात एमएसीएस ही अक्षरं असतात. २०२१ मध्ये जाहीर झालेला एमएसीएस १४०७ त्यातलाच. इतकं आपल्या शेतात पिकतं आणि ताटात मात्र वडीचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, याचं मला वाईट वाटतं. चांगली करून वाढली की तीच माणसं दुसऱ्यांदा मागून घेतात, हे मी माझ्या घरी पाहिलंय.

दुकानात काय मागायचं

तीन प्रकार मिळतात: मोठ्या वड्या, मिनी वड्या आणि चुरा, ज्याला पाकिटावर ग्रॅन्यूल्स म्हणतात. रश्श्याला मोठ्या, पुलावाला मिनी, खिम्याला चुरा. पहिल्यांदा करत असाल तर चुऱ्याने सुरुवात करा. तो पटकन भिजतो, मसाला लगेच धरतो आणि बिघडायला फारसा वाव नसतो.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाकीट मिळतं. चार-पाच जण एकत्र राहत असाल तर मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून किलोने आणलेलं स्वस्त पडतं. सुटी वडी घेताना हातात घेऊन बघा. रंग फिकट बदामी हवा. काळपट, करपलेली नको. तळाशी भुकटी साठली असेल तर माल जुना किंवा खूप हाताळलेला आहे. वास घ्या, खवट आला तर सोडून द्या, तो वास कितीही मसाल्याने जात नाही. पाकिटावर घटकांमध्ये तेल काढलेलं सोयापीठ एवढंच लिहिलेलं असलं तर उत्तम.

माणशी २५ ते ३० ग्रॅम कोरडी वडी पुरते. बघायला मूठभर दिसते आणि नवशिका हमखास आणखी एक मूठ टाकतो. टाकू नका. भिजून पिळल्यावर १०० ग्रॅमच्या अडीचशे-तीनशे ग्रॅम होतात.

भिजवणं आणि पिळणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. १०० ग्रॅम मोठ्या वड्यांसाठी मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी उकळा, त्यात एक चमचा मीठ आणि थोडी हळद घाला. खळखळ उकळी आली की वड्या टाका. त्या तरंगतात, म्हणून झाऱ्याने दाबून वर एक ताटली उपडी ठेवा. पाच मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून झाकण ठेवून आणखी दहा मिनिटं तशाच राहू द्या. मिनी वड्यांना दोन-तीन मिनिटांची उकळी बास. चुरा उकळायचाच नाही. त्यावर कढत पाणी ओतून पाच मिनिटं झाकायचं.

एक वडी काढून मधोमध तोडा. आत कोरडा, पांढुरका, कडक गोळा दिसला तर अजून पाच मिनिटं हवीत. आतपर्यंत एकसारखी ओली आणि स्पंजासारखी दिसली की चाळणीत ओता आणि वर गार पाणी सोडा, नाहीतर हात भाजेल.

आता पिळणं. तीन-चार वड्या एका तळहातावर घ्या, दुसरा तळहात वर ठेवून दाबा. पिरगाळू नका, फाटतात. पहिल्यांदा पिवळसर, फेसाळ पाणी येतं आणि त्याला शेंगेचा कचवट वास असतो. भाच्याच्या पातेल्यातला उग्र वास तो हाच. वड्या पुन्हा स्वच्छ पाण्यात टाका, त्यांना पाणी पिऊ द्या, पुन्हा दाबा. दुसऱ्या खेपेला फेस कमी होतो. तिसऱ्या खेपेला पाणी जवळजवळ नितळ येतं. मग वडी नाकाशी धरा. काहीच वास आला नाही की काम झालं. शेवटच्या खेपेला मात्र जीव लावून पिळा. दाबल्यावर पाण्याचा थेंब येऊ नये आणि हात काढला की वडी हळूहळू पुन्हा फुगावी. चुरा असेल तर पातळ पंचात किंवा बारीक जाळीच्या चाळणीत घेऊन पिळा.

या पाण्यात पौष्टिकता असते म्हणून ते रश्श्यात किंवा कणकेत वापरा, असा सल्ला कुणी देईल. माझं मत विचाराल तर ओतून द्या. सोयाबीनमध्ये रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या आपल्या पोटात पचत नाहीत, आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि पोट फुगतं. त्यातला काही भाग या पाण्यात उतरतो. वडी खाल्ली की गॅस होतो म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी ती एकदाही नीट पिळलेली नसते.

रिकाम्या वडीला चव पाजणं

पिळून झाल्या की लगेच मुरवा. वडी आत्ता रिकामी आहे, जे द्याल ते ओढून घेईल. मोठ्या वड्यांचे दोन तुकडे करा. तीन मोठे चमचे दही, एक चमचा आलं-लसूण वाटण, एक चमचा लाल तिखट, पाव चमचा हळद, पाऊण चमचा मीठ आणि एक चमचा तेल असं कालवून वड्यांना चोळा. नुसतं वरून घालून ढवळू नका. हाताने थोडं दाबत चोळलं की मसाला जाळीत शिरतो. अर्धा तास ठेवा. दही खात नसाल तर लिंबाचा रस आणि दोन चमचे पाणी चालतं.

मग कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून वड्या मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं परता, कडा तांबूस होईपर्यंत. वडीत स्निग्धांश जवळपास नसतो, १०० ग्रॅमला अर्धा-एक ग्रॅम फक्त. मटणाची चरबी जिभेवर जी गोडी आणते, तिची भरपाई या तेलातूनच होते. तेल वाचवायला गेलात तर वडी घशात कोरडी अडकते. इथे परतलेल्या वड्या तशाच कांदा-लिंबाबरोबर खाल्ल्या तरी छान लागतात. आमच्याकडे रस्सा होईपर्यंत त्यातल्या चार-पाच कमी झालेल्या असतात.

रस्सा, चौघांसाठी

वाटणाला दोन मोठे कांदे घ्या. एक गॅसवर जाळीवर ठेवून साल काळी होईपर्यंत भाजा, दुसरा उभा चिरून थोड्या तेलात तांबूस परता. दोन कांदे दोन तऱ्हेने का, तर भाजलेल्याने धुरकट खमंगपणा येतो आणि परतलेल्याने गोडसरपणा. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे काप बदामी रंगावर भाजा. एक मोठा चमचा तीळ, एक लहान चमचा खसखस. खड्या मसाल्यात चार लवंगा, सहा मिरे, इंचभर दालचिनी, एक मोठा चमचा धणे, एक तमालपत्र आणि दगडफूल.

दगडफुलावर थांबते, कारण पुष्कळ नवी मंडळी ते गाळतात. खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारी ती वनस्पतीसारखी दिसते, पण असते बुरशी आणि शैवाल यांची जोडी, इंग्रजीत लायकेन म्हणतात ते. वरून राखाडी, खालून काळी, हातात घेतली तर सुकलेल्या पानासारखी हलकी. कच्चं हुंगलं तर मातीचा, जुन्या लाकडाचा वास येतो. चमचाभर गरम तेलात टाकलं की दहा-बारा सेकंदांत ते कुरकुरीत होतं आणि जो खोल, धुरकट वास सुटतो तो मटणाच्या रश्श्याची आठवण करून देतो. बिनमांसाच्या रश्श्याला भारदस्तपणा हवा असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन-तीन छोटे तुकडे बास, जास्त झालं तर कडवट लागतं. १० ग्रॅमची पुडी आणली तर कित्येक महिने पुरते.

हे सगळं, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबीर घालून थोड्या पाण्याबरोबर गंधासारखं बारीक वाटा. पातेल्यात तीन-चार मोठे चमचे तेल तापवा, एक बारीक चिरलेला टोमॅटो गळेपर्यंत परता, वाटण घाला आणि मध्यम आचेवर परतत राहा. बारा-पंधरा मिनिटं लागतात. कडेने तेल सुटलं पाहिजे. त्याआधी घाई केली तर रस्सा कच्चा लागतो आणि तोच कच्चेपणा वडीच्या पोटात जाऊन बसतो. मग दोन चमचे कांदा-लसूण मसाला, अर्धा मिनिट परतून पाच वाट्या कढत पाणी. गार पाणी घालू नका, तर्री नीट येत नाही.

आता वड्या न टाकता रस्सा दहा मिनिटं उकळा. चव घ्या. मीठ-तिखट किंचित चढं हवं आणि रस्सा तुम्हाला हवा त्यापेक्षा पातळ. मगच वड्या सोडा, बारीक गॅसवर आठ-दहा मिनिटं ठेवा, गॅस बंद करा आणि झाकून वीस मिनिटं हात लावू नका. वडी या वीस मिनिटांत रस्सा पिते.

ही पातळपणाची गोष्ट मी अनुभवातून शिकले. एकदा श्रावणात घरी पंधरा जण जेवायला होते. मी रस्सा नेहमीसारखा दाटसर केला, वड्या सोडल्या आणि भाकऱ्या थापायला बसले. तासाभराने झाकण काढलं तर पातेल्यात रस्साच नव्हता! सगळा वड्यांनी पिऊन टाकला होता. ऐन पंगतीत घाईने पाणी वाढवलं आणि चव गेली ती गेलीच. तेव्हापासून शेजारच्या शेगडीवर मीठ घातलेलं कढत पाणी ठेवल्याशिवाय मी वडीचा रस्सा करत नाही.

तिखट कमी हवं असेल तर कांदा-लसूण मसाल्याऐवजी गोडा मसाला घाला आणि सुपारीएवढा गूळ. ज्यांना आणखी खोली हवी त्यांनी वाटण परतण्याआधी सात-आठ मशरूम अगदी बारीक चिरून काळपट होईपर्यंत परतावेत.

खिमा

१०० ग्रॅम चुरा भिजवून पिळून घ्या. चुरा नसेल तर भिजवून पिळलेल्या मोठ्या वड्या मिक्सरमध्ये दोनदा-तीनदा थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर पिठलं होईल.

कढईत दोन मोठे चमचे तेल, त्यात आधी नुसता चुरा आणि अर्धा चमचा मीठ. मोठ्या आचेवर परता. सुरुवातीला चर्र आवाज येतो, वाफ निघते. सात-आठ मिनिटांनी वाफ थांबते, चुरा सुटा होतो, दाणे कढईत खुळखुळायला लागतात. हा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ओला चुरा मसाल्यात टाकला तर खिम्याची लापशी होते. चुरा ताटात काढून ठेवा.

त्याच कढईत तीन मोठे चमचे तेल, तमालपत्र, दोन लवंगा, एक मसाला वेलची, दोन बारीक चिरलेले कांदे चांगले तांबूस, दीड चमचा आलं-लसूण वाटण, दोन हिरव्या मिरच्या, दोन टोमॅटो. टोमॅटो पूर्ण मोडला की हळद, तिखट, धणे-जिरे पूड, मीठ. अर्धी वाटी मटार, एक वाटी कढत पाणी, उकळी आली की चुरा. झाकून मंद आचेवर दहा मिनिटं. शेवटी गरम मसाला, मूठभर पुदिना-कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस. बेकरीतले ताजे पाव तव्यावर लोण्यात शेकून घ्या. कॅम्पातल्या इराणी हॉटेलांतला खिमा-पाव ज्यांनी खाल्लाय, त्यांना हा हुबेहूब तोच वाटणार नाही. पण दोन घास गेल्यावर तुलना मागे पडते आणि माणूस निवांत खायला लागतो.

धुरी द्यायची असेल तर लाल केलेला निखारा छोट्या वाटीत ठेवून ती खिम्यात मधोमध ठेवा, त्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि लगेच घट्ट झाकण लावा. तीन मिनिटं पुरे. खिडकी उघडी असू द्या. फ्लॅटमध्ये कोळसा पेटवणं जमत नसेल तर या खिम्यालाही दगडफूल फोडणीत घाला.

किती खावं, कुणी जपावं

कोरड्या वडीत १०० ग्रॅमला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात. हा आकडा कोरड्या वजनाचा आहे. भिजलेली १०० ग्रॅम वडी खाऊन ५० ग्रॅम प्रथिनं मिळाली असं जिममधली मुलं समजतात, ते चूक. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. एका जेवणात २५-३० ग्रॅम कोरडी वडी खाल्ली तर त्यातला पाव हिस्सा सहज भरतो आणि उरलेल्यासाठी डाळ, उसळ, दूध आहेच. आठवड्यातून दोन-तीनदा वडी पुरे, असं माझं मत.

आवश्यक अमिनो आम्लं सगळी सोयाबीनमध्ये असतात, हे त्याचं मोठं वैशिष्ट्य. पण बी-१२ त्यात नसतं. श्रावणापुरतं मांस सोडणाऱ्यांनी काळजी करू नये. कायमचं सोडणाऱ्यांनी आणि दूध-दहीही न घेणाऱ्यांनी बी-१२ कुठून मिळवायचं ते डॉक्टरांना विचारावं. वडीतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं, म्हणून ताटातली फोड पिळायची, बाजूला सारायची नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत किती तासांचं अंतर ठेवायचं हे डॉक्टरांकडून समजून घ्यावं, कारण सोयामुळे ती गोळी शरीरात कमी शोषली जाऊ शकते. सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी अर्थातच लांब राहावं. आणि पहिल्यांदा खाताना सगळ्यांनीच थोडी खावी, त्यात चोथा भरपूर असतो, पोटाला सवय लागायला आठ-पंधरा दिवस लागतात.

साठवणं

पावसाळ्यात पुण्याच्या हवेत उघडं पाकीट लगेच सर्द होतं, म्हणून कोरड्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नोकरी करणाऱ्यांनी रविवारी आठवड्याच्या वड्या एकदम भिजवून, पिळून, डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाकाव्यात. लागतील तेवढ्या काढून कढत पाण्यात मोकळ्या करायच्या आणि पुन्हा एकदा पिळायच्या. नुसत्या फ्रीजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

उरलेला खिमा दुसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्यात मळून पॅटिस होतात किंवा पराठ्यात भरता येतो. उरलेला रस्सा मात्र रात्रभरात फ्रीजमध्ये आळून घट्ट होतो. गरम करताना आधी अर्धी वाटी कढत पाणी आणि चिमूटभर मीठ घालायचं, मग बारीक गॅसवर हलक्या हाताने ढवळायचं. वड्या तोवर पुरत्या मुरलेल्या असतात आणि भाच्याच्या घरी आता रविवारचा रस्सा मुद्दाम शनिवारी रात्री करून ठेवतात.